चहाचं दुकान आणि बंड : सिद्धगडावरचा तळ

मागच्या लेखात आपण पॅरिसला होतो. 12 जुलै 1789 रोजी कॅफे द फॉयबाहेर टेबलावर चढून कामीय देमुलाँने लोकांना शस्त्रं उचलायला सांगितलं आणि दोन दिवसांत बास्तीयचा तुरुंग पडला. आता घराजवळ येऊ. शहापूर-मुरबाडकडे बंडाचं असं एखादं चहाचं दुकान शोधायला निघालो, तर सापडतो तो सिद्धगडावरचा तळ.

दुकान का नाही? एक तर बाजारगावच्या हॉटेलात नवखा माणूस लगेच नजरेत भरतो, पोलिसांच्या तर आधी. दुसरं कारण अधिक खुपणारं आहे. त्या काळी कितीतरी गावांत चहाच्या दुकानात दलितांचा कप वेगळा, बाहेर ठेवलेला असे. जिथे सगळ्यांना एका बाकावर बसता येत नव्हतं, तिथे सगळ्यांचं बंड कसं शिजणार?

सिद्धगडावर तळ ठोकणाऱ्या भाई कोतवालांना जातीचा हा जाच परका नव्हता. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म 1 डिसेंबर 1912, माथेरानचं नाभिक कुटुंब. वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेत गेले, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, सावकाराला पर्याय म्हणून धान्यकोठी उभी केली. माझ्या मते बंडाची माणसं इथेच जोडली गेली. कर्ज आणि उपासमार यांवर आधी एकत्र बसलेले लोकच पुढे रात्री डोंगर चढले.

8 ऑगस्ट 1942 ला गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला. कोतवाल भूमिगत झाले आणि त्यांचा ‘आझाद दस्ता’ विजेच्या मनोऱ्यांवर घाव घालू लागला. मनोरेच का, हे आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. 1892 मध्ये पुरं झालेलं तानसा धरण मुंबईची तहान भागवतं, तशी खोपोली-भिवपुरीची वीज मुंबईच्या गिरण्या आणि 1925 पासूनच्या विजेच्या गाड्या चालवत होती. शहराच्या नाड्या अशा गावच्या रानामाळातून गेलेल्या. मनोरा पडला की मुंबईतली यंत्रं थांबत. मुंबई इलाख्याच्या सरकारला याहून झोंबणारा निरोप दुसरा कोणता?

तळासाठी सिद्धगड निवडला, यातही वकिली डोकं दिसतं. गड मुरबाड तालुक्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. शेजारचं कर्जत तेव्हा कुलाबा जिल्ह्यात आणि वर सह्याद्रीपलीकडे पुणे जिल्हा. तीन जिल्ह्यांच्या पोलिसांच्या हद्दी आणि मध्ये दाट जंगल. पण जंगल फितुरी अडवत नाही. तळाचा ठावठिकाणा फुटला आणि 2 जानेवारी 1943 च्या पहाटे पोलीस अधिकारी हॉल याच्या तुकडीने गोळीबार केला. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील जागीच पडले. कोतवाल तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते.

सिद्धगडाच्या परिसरात दोघांचं स्मारक आहे. दर 2 जानेवारीला लोक तिथे अंधार असतानाच जमतात. जायचं असेल तर आदल्या रात्रीच मुरबाड गाठा. पुढची वाट म्हसा, नारिवलीवरून आहे.