व्हिडिओ कॅमेऱ्याचे तारेने होणारे दूरनियंत्रण: तीन संकेतपद्धतींचे विवेचन

व्हिडिओ कॅमेरा आणि त्याचा चालक यांच्यामध्ये अंतर पडले म्हणजे त्या दोहोंना जोडणाऱ्या एका भाषेची आवश्यकता निर्माण होते. उंच दांडीच्या टोकास बसविलेला, सभागृहाच्या छताला टांगलेला किंवा कारखान्याच्या आवारावर नजर ठेवणारा कॅमेरा हाताने फिरविणे शक्य नसते. त्याला द्यावयाची आज्ञा तारेतून जाते; परंतु तारेतून प्रत्यक्षात जातात ते केवळ विद्युद्दाबाचे चढउतार होत. त्या चढउतारांचा अर्थ कोणता घ्यावयाचा, याविषयी दोन्ही टोकांमध्ये अगोदर ठरलेल्या नियमसंचास प्रोटोकॉल अथवा संकेतपद्धती असे म्हणतात.

अशा प्रत्येक पद्धतीस तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. संदेशाचे कालमापन कोणी करावयाचे? अनेक कॅमेरे असल्यास आज्ञा कोणासाठी आहे हे कसे ओळखावयाचे? आणि आज्ञा पोहोचली की नाही हे आज्ञा देणाऱ्यास कसे कळावयाचे? यांपैकी तिसरा प्रश्न व्यवहारात सर्वांत महत्त्वाचा ठरतो. चित्रणाचा क्षण एकदा निसटला म्हणजे तो परत येत नाही. आणि आज्ञा वाया गेली हे वेळीच न कळणे, हे आज्ञा वाया जाण्यापेक्षाही अधिक हानिकारक असते. पुढील विवेचन याच तीन प्रश्नांच्या अनुरोधाने केले आहे. संदेशातील प्रत्येक बाइट ८ बिटांचा असून त्याचे मूल्य ० ते २५५ असू शकते. सोयीसाठी सर्व मूल्ये दशमान अंकांत दिली आहेत.

१. लँक

सोनी कंपनीच्या या पद्धतीस कंट्रोल-एल असेही नाव आहे. हिची जोडणी बहुधा २.५ मिलिमीटर व्यासाच्या लहान प्लगने होते. प्लगच्या टोकावर संदेशाची तार, मधल्या कड्यावर कॅमेऱ्याकडून मिळणारा विद्युत्पुरवठा आणि मुळाशी भूतार असते. जाणारे व येणारे असे दोन्ही संदेश एकाच तारेवरून वाहतात. तार स्वभावतः उच्च दाबावर असते. ज्यास बोलावयाचे असेल तो तिला खाली ओढतो.

या पद्धतीत कालमापनाचा अधिकार कॅमेऱ्याकडे आहे. कॅमेरा प्रत्येक चित्रक्षेत्राबरोबर ८ बाइटांची एक चौकट सुरू करतो. भारतातही स्वीकारल्या गेलेल्या पाल पद्धतीत सेकंदास ५० क्षेत्रे असतात. म्हणून दर २० मिलिसेकंदांनी नवी चौकट येते. प्रत्येक बाइटाचा आरंभबिट कॅमेरा देतो आणि नियंत्रक त्यामागे आपले बिट ठेवतो. गती सेकंदास ९६०० बिटांची असल्याने एका बिटास सुमारे १०४ मायक्रोसेकंद लागतात. आठ बाइट संपल्यावर जी दीर्घ शांतता राहते, तिच्यावरून नियंत्रकास पुढील चौकटीचा आरंभ ओळखता येतो.

पहिले चार बाइट नियंत्रकाचे व उरलेले चार कॅमेऱ्याचे असतात. नियंत्रकाच्या पहिल्या बाइटात आज्ञेचा वर्ग आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष आज्ञा असते. उदाहरणार्थ, २४ व ५१ ही जोडी चित्रमुद्रण सुरू अथवा बंद करते. ४० या वर्गात झूमच्या आज्ञा येतात. एका तारेवर एकच कॅमेरा असल्याने पत्त्याची गरज नाही. चूक शोधण्यासाठी बेरजेची योजनाही नाही. तिच्याऐवजी पुनरुक्तीचा उपाय योजलेला आहे. तीच आज्ञा लागोपाठ चार-पाच चौकटींत आली तरच कॅमेरा ती मानतो. त्यामुळे एखाद्या क्षणिक विद्युत्क्षोभाने कॅमेरा भलतेच काही करू लागण्याचा संभव फार कमी होतो. त्याची किंमत म्हणजे सुमारे १०० मिलिसेकंदांचा विलंब.

येथे एक धोका लक्षात घेणे अवश्य आहे. मुद्रण सुरू करण्याची व थांबविण्याची आज्ञा एकच आहे. आज्ञा पोहोचली नसावी अशा शंकेने चालकाने कळ पुन्हा दाबली, तर चालू झालेले मुद्रण बंद पडते. यास्तव कॅमेऱ्याच्या चार बाइटांतून येणारी स्थिती वाचून ती दिव्याने किंवा अंकांनी दर्शविणारा नियंत्रक, आणि केवळ आज्ञा सोडणारा स्वस्त नियंत्रक, यांच्यातील भेद केवळ सोयीचा नसून विश्वासार्हतेचा आहे.

२. विस्का

सोनीचीच ही दुसरी पद्धत सभागृहे, वर्ग व स्टुडिओ यांतील फिरत्या कॅमेऱ्यांसाठी आहे. एका नियंत्रकास साखळीने सात कॅमेरे जोडता येतात. नियंत्रकाचा क्रमांक ०, कॅमेऱ्यांचे १ ते ७. पहिल्या कॅमेऱ्यास जाणाऱ्या संदेशाचा पहिला बाइट १२९ असतो आणि प्रत्येक संदेशाचा शेवट २५५ ने होतो. मोठी मूल्ये चार-चार बिटांच्या तुकड्यांत विभागून पाठवितात. त्यामुळे अशा तुकड्याचे मूल्य १५ च्या वर जात नाही व समाप्तिचिन्हाशी त्याची गल्लत होत नाही. दृश्य जवळ आणण्याची आज्ञा १२९, १, ४, ७, २, २५५ अशी आहे. ९६०० च्या गतीने तिला सुमारे सहा मिलिसेकंद पुरतात.

क्रमांक देण्याची रीत मोठी सुबक आहे. नियंत्रक १३६, ४८, १, २५५ असा सर्वांस उद्देशून संदेश सोडतो. पहिला कॅमेरा १ हा क्रमांक स्वतःकडे घेतो आणि त्यात एक मिळवून संदेश पुढे देतो. दुसरा २ घेतो. याप्रमाणे साखळी संपते. तीन कॅमेरे असल्यास नियंत्रकाकडे ४ परत येतो व त्यावरून कॅमेऱ्यांची संख्या कळते.

तिसऱ्या प्रश्नाचे विस्काने दिलेले उत्तर सर्वांत पूर्ण आहे. आज्ञा स्वीकारताच कॅमेरा पोच देतो, काम संपल्यावर पूर्ततेचा संदेश देतो आणि आज्ञा अमलात आणणे शक्य नसेल तर दोषाचा संदेश देतो. पोच न आल्यास नियंत्रकास पुन्हा विचारता येते. तथापि संदेश साखळीतून पुढे सरकत असल्याने मधल्या एका कॅमेऱ्याचा वीजपुरवठा तुटला तर त्यामागील सर्व कॅमेरे मुके होतात.

३. पेल्को-डी

राखणीच्या कॅमेऱ्यांसाठी पेल्को कंपनीने रूढ केलेल्या या पद्धतीत मूळ संदेश नेहमी ७ बाइटांचा असतो: आरंभचिन्ह २५५, कॅमेऱ्याचा क्रमांक, दोन आज्ञाबाइट, आडव्या व उभ्या गतीचे दोन बाइट आणि शेवटी पडताळ्याची बेरीज. पहिल्या कॅमेऱ्यास मध्यम वेगाने उजवीकडे वळविण्याचा संदेश २५५, १, ०, २, ३२, ०, ३५ असा होतो. यातील ३५ ही संख्या आरंभचिन्ह वगळून मधल्या पाच बाइटांची बेरीज होय. बेरीज न जुळल्यास कॅमेरा संदेश टाकून देतो. सेकंदास २४०० बिट या रूढ गतीने एका संदेशास सुमारे २९ मिलिसेकंद लागतात.

बिघडलेला संदेश ओळखण्याची ही उत्तम योजना असली, तरी तो टाकून दिल्याची वार्ता सामान्यतः नियंत्रकाकडे परत येत नाही. शिवाय वळण्याची आज्ञा एकदाच दिली जाते व थांबण्याची वेगळी द्यावी लागते. थांबण्याचाच संदेश बिघडला तर कॅमेरा वळतच राहतो आणि ज्या दरवाजावर नजर ठेवावयाची तो दृष्टीआड होतो. म्हणून थांबण्याची आज्ञा एकाहून अधिक वेळा पाठविणे शहाणपणाचे ठरते.

४. तारेचे गुणधर्म

संकेत कितीही चांगला असला तरी तो वाहणारी तार त्याला मर्यादा घालते. सन १९६० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आरएस-२३२ या मानकात दाब सामाईक भूतारेच्या तुलनेने मोजतात. त्यामुळे परंपरेने ही जोडणी सुमारे १५ मीटरांपर्यंतच विश्वसनीय मानली जाते. आरएस-४८५ मध्ये दोन तारांतील दाबाचा फरक मोजतात. पिळलेल्या जोडतारेवर बाहेरील क्षोभ दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो आणि फरक घेताना तो नाहीसा होतो. म्हणून मंद गतीला ही तार १२०० मीटरांपर्यंत नेता येते व तिच्यावर ३२ प्रमाणित ग्राहक बसविता येतात. मात्र तिच्या दोन्ही टोकांस १२० ओहमांचा रोध बसविला नाही, तर टोकाशी संकेत परावर्तित होऊन मूळ संकेत बिघडवितो.

उपसंहार

लँक पुनरुक्तीवर, विस्का प्रत्युत्तरावर आणि पेल्को-डी बेरजेवर भिस्त ठेवते. एका कॅमेऱ्यास व लहान अंतरास पहिली, देखरेखीखालील दालनास दुसरी आणि विस्तीर्ण आवारास तिसरी अनुरूप आहे. विस्काचे संदेश आता संगणकजाळ्यातूनही पाठविले जातात. तेथे संदेश हरविण्याचा संभव असल्याने प्रत्येकास अनुक्रमांक जोडावा लागतो. वाहक बदलला तरी मूळ प्रश्न बदललेला नाही, हेच यावरून सिद्ध होते. दूरनियंत्रणाची निवड करताना कॅमेरा कोणकोणत्या आज्ञा पाळतो एवढेच पाहून चालत नाही. आज्ञा न पाळल्यास तो तसे सांगतो काय, हेही पाहणे अगत्याचे आहे.