पिरंगुटमध्ये सायकल लावायची कुठे?

पिरंगुट - कारखानदारीचे गाव अशी पिरंगुटची ओळख झाली, त्याला बराच काळ लोटला. उरवडे, कासार आंबोली, भरे, घोटवडे फाटा या परिसरात कामाला जाणारा मोठा वर्ग पुणे-पौड रस्त्यावरूनच ये-जा करतो. पीएमपीची बस मुख्य रस्त्यावर सोडते. तिथून आत जायचे अंतर पायी लांब पडते आणि रिक्षा रोज परवडत नाही. या मधल्या टप्प्यासाठी सायकलीइतके स्वस्त वाहन नाही. मात्र ती दिवसभर किंवा रात्रभर निर्धास्तपणे ठेवता येईल, अशी सार्वजनिक जागा नाही.

परिणामी सायकल विजेच्या खांबाला बांधली जाते किंवा एखाद्या दुकानाच्या कडेला उभी राहते. दुकानदाराने हटकले तर त्याचेही चुकत नाही, कारण दारातली जागा गिऱ्हाइकासाठी हवी असते. रस्त्याच्या कडेला लावावी, तर अवजड वाहनांची भीती.

खरा घोर चोरीचा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या जोडीने आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र ठरते. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. कामगाराची जुनी, दोन-तीनदा रंगवलेली सायकल बहुधा याच किमतीत बसते. ती गेली तर परत मिळण्याची आशा थोडी, आणि दुसऱ्या दिवसापासून पायपीट ठरलेली.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा आहे. त्यातील कलम १२४ नुसार ग्रामपंचायतीला सायकलींवर कर बसवता येतो आणि त्याच यादीत गाडीतळ व टांगातळाच्या फीचाही उल्लेख आहे. बैलगाडी उभी करायला तळ लागतो, हे त्या काळी कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. पुण्यात हडपसरचा गाडीतळ आजही त्या नावाने ओळखला जातो. सायकलीचा कर मात्र कायद्याला आठवला! कारखान्यांचीही तीच कथा. १९४८ च्या कारखाने अधिनियमात अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी उपाहारगृहाची आणि दीडशेहून अधिक असल्यास विश्रांतिगृहाची तरतूद होती. कल्याणविषयक त्या प्रकरणात सायकल स्टँड नव्हता.

मग जबाबदारी कोणाची? बस पीएमपीची, प्रादेशिक नियोजन २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएचे, गावठाणातील मोकळी जागा ग्रामपंचायतीच्या अखत्यारीतील आणि महामार्ग आणखी वेगळ्याच यंत्रणेकडे. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, पण पिरंगुट पालिकेच्या हद्दीबाहेर आहे. त्याच वर्षी पुण्यात भाडोत्री सायकलींची योजनाही सुरू झाली. तोडफोड आणि चोऱ्यांनी ती लवकरच जेरीस आली. सायकल आणली, पण तिच्या राखणीचा विचार मागे राहिला, असे त्या अनुभवाबद्दल म्हणता येईल.

जागा फार लागते, हा समज मात्र खरा नाही. एका मोटारीच्या जागेत आठ ते दहा सायकली उभ्या राहतात. जमिनीत रोवलेली उलट्या ‘यू’च्या आकाराची लोखंडी नळी दोन सायकलींना पुरते, आणि तिला चाकासह सांगाडाही साखळीने बांधता येतो. नुसते चाक अडकवायच्या खाचा स्वस्त पडतात. परंतु चोर चाक तिथेच सोडून बाकीची सायकल नेऊ शकतो.

जपानमध्ये रेल्वे स्थानकांबाहेर सायकलींचा खच पडू लागला, तेव्हा १९८० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. नेदरलँड्समधील उत्रेख्त स्थानकाखालचा, २०१९ मध्ये पूर्ण झालेला तळ साडेबारा हजार सायकलींचा आहे. पिरंगुटला याच्या शंभराव्या हिश्शानेही सुरुवात करता येईल.

तळ बसथांब्यापासून दूर असेल, तर लोक पुन्हा खांबच गाठतील, हे मात्र आधीच धरून चालावे लागेल. रात्रपाळीच्या कामगारांसाठी तिथे दिवा हवा आणि पावसाळ्यासाठी पत्रा. मुळशीचा पाऊस चार महिन्यांत साखळी गंजवून टाकतो. गावातील मोकळ्या जागेचा विषय ग्रामसभेत मांडता येतो आणि त्यासाठी वरच्या कोणत्याही यंत्रणेच्या आराखड्याची वाट पाहावी लागत नाही.