परदेशातील संशोधन-बैठक : तेथे नेमके काय होते?

आपल्या मंडळाचे एखादे सभासद आंतरराष्ट्रीय संशोधन प्रकल्पाच्या बैठकीस जाऊन आले, की त्यांना पहिला प्रश्न विचारला जातो तो प्रेक्षणीय स्थळांचा. वस्तुतः बहुतेकांच्या वाट्यास विमानतळ, एक सभागृह आणि जाडजूड प्रोटोकॉल एवढेच येते. परिषदेत झालेल्या कामाचा वृत्तांत सांगतात; या बैठकीत व्हावयाच्या कामाची एकेक ओळ ठरते. सर्वाधिक वेळ जातो तो व्याख्यांवर. निरनिराळ्या देशांतील डॉक्टर शब्द एकच वापरतात, परंतु मोजतात वेगवेगळे. अशा आकड्यांच्या बेरजेस काही अर्थ राहत नाही.

बेळगाव जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. येथील जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज व अमेरिकन विद्यापीठे यांनी २००२ ते २००५ या काळात १,६२० स्त्रियांवर एक चाचणी केली. घरी वा उपकेंद्रात प्रसूती करणाऱ्या एएनएम भगिनींनी मिसोप्रोस्टॉल ६०० मायक्रोग्रॅम अथवा तशीच दिसणारी निरौषधी गोळी द्यावयाची आणि ५०० मि.ली. वा अधिक रक्तस्राव किती जणींना होतो, ते पाहावयाचे. पण हे ५०० मि.ली. मोजायचे कसे? रक्त लुगड्यात मुरते, गोधडीत मुरते, जमिनीत जिरते. म्हणून निमुळती, खुणा छापलेली पिशवी असलेले प्लास्टिकचे कापड बाळंतिणीखाली अंथरण्यात आले. पुढे असे दिसून आले, की डोळ्यांनी केलेला अंदाज या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरतो. म्हणजे अनुभवी नजरही एक तृतीयांश रक्त हरवते!

मोजमाप पक्के होते, म्हणूनच निष्कर्षास वजन आले. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आल्याचे २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. मोजमापाच्या अशाच कापडास तत्काळ उपचारांची जोड देणारी 'ई-मोटिव्ह' चाचणी आफ्रिकेतील चार देशांत झाली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे ओढवणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण नेहमीच्या उपचारांत ४.३ टक्के, तर या पद्धतीत १.६ टक्के होते.

अशा बैठकीत आपली माणसे बहुधा मागल्या रांगेत बसतात आणि चहाच्या वेळी बोलतात. हे योग्य नव्हे. उपकेंद्रात वीज किती तास असते, शीतपेटी चालते की नाही, बाळंतीण माहेरी गेल्यावर तिची पुन्हा भेट कशी घ्यावयाची, हे त्या सभागृहात दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? प्रोटोकॉलवर शिक्कामोर्तब होण्यापूर्वीच हे सांगावयास हवे. निरौषधी गोळी मिळालेल्या स्त्रीस रक्तस्राव झाल्यास तिला किती वेळात व कोठे हलवावयाचे, इजा झाल्यास उपचारांचा खर्च कोणाचा, औषध गुणकारी ठरल्यास ते त्याच गावांना मिळणार काय, हे प्रश्नही तेथेच विचारावयाचे.

संमतिपत्राचे काम तर खास आपले. आपल्या सीमाभागात ते मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत लागते. 'यादृच्छिक विभागणी' हा शब्द कितीही शुद्ध असला, तरी बाळंतिणीस तो कळत नाही. 'चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरेल. कोणती गोळी ते तुम्हांलाही ठाऊक नसेल, आम्हांलाही नसेल' असे म्हटले, की ती सासूकडे पाहून पुढचा प्रश्न विचारते. तो प्रश्न विचारण्यास लागणारा वेळही वेळापत्रकात धरून घ्यावा.