विश्लेषण : एकाही पेपरात नापास नाही, तरी सीएचा ग्रुप का जातो?

गंगापूर रोडवर केटीएचएम महाविद्यालयापासून जेहान सर्कलच्या पुढपर्यंत क्लास आणि अभ्यासिकांच्या पाट्या दिसतात. दिंडोरी, निफाड, कळवणहून आलेली मुले इथे खोली घेऊन सीएची तयारी करतात. दिवसाचे बारा-बारा तास खुर्चीत बसणाऱ्यांची कमी नाही. तरीही निकालानंतर एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘एकाही पेपरात नापास नाही, पण ग्रुप गेला.’ अभ्यास कमी पडला असे घरचे समजतात. अनेकदा कमी पडलेले असते ते गुणांचे गणित.

निकाल कसा ठरतो?

सीए इंटरमिजिएटला सहा पेपर असतात, तीन-तीनचे दोन ग्रुप. प्रत्येक पेपर १०० गुणांचा. पेपरमागे किमान ४० गुण लागतात आणि ग्रुपची बेरीज किमान १५० व्हावी लागते. समजा, पहिल्या ग्रुपमध्ये एखाद्याला अकाउंट्समध्ये ५२, कायद्यात ४४ आणि करात ४७ मिळाले. बेरीज १४३. एकही पेपर चाळिशीखाली नाही, तरी ग्रुप नापास.

हाच विद्यार्थी दोन्ही ग्रुपला एकत्र बसला असेल आणि दुसऱ्या ग्रुपमध्ये त्याला ५८, ४९ आणि ५४, म्हणजे १६१ गुण असतील, तर चित्र बदलते. सहा पेपरांची बेरीज ३०४ होते, ३०० ची अट पूर्ण होते आणि दोन्ही ग्रुप सुटतात. मात्र कायद्यात ४४ ऐवजी ३८ असते, तर ही सवलत मिळाली नसती. दुसरा ग्रुप सुटला असता, पहिला पुन्हा द्यावा लागला असता.

म्हणून ‘अवघड विषय पासापुरता करू’ हे धोरण धोक्याचे. एका पेपरात ४० वर समाधान मानले की उरलेल्या दोन पेपरांत मिळून ११० हवेत. हे दहा जास्तीचे गुण कुठून आणायचे, ते वेळापत्रक आखतानाच ठरवलेले बरे. ज्या विषयात हात बसला आहे, त्यालाच शेवटच्या महिन्यात वेळ काढून ५५ चे ६५ करणे बहुतेकांना सोपे जाते. आपण मात्र न जमणाऱ्या विषयामागे सगळे दिवस घालवतो.

एक ग्रुप की दोन्ही?

बेरजेची सवलत पाहता दोन्ही ग्रुप एकत्र देणे फायद्याचे वाटते आणि तयारी असेल तर ते खरेही आहे. पण दुसऱ्या ग्रुपची एकही उजळणी झालेली नसताना ‘बसून तर बघू’ म्हणणारे पहिल्या ग्रुपचे दिवस खर्च करतात. कसोटी साधी आहे. परीक्षेच्या दोन महिने आधी सहाही विषय एकदा वाचून झाले असतील, तर दोन्ही. नसतील तर एकच, आणि तो नीट. इंटर व फाउंडेशन २०२४ पासून आणि फायनल २०२५ पासून वर्षातून तीनदा होते. पुढची संधी चार महिन्यांवर असते. दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय आर्टिकलशिप सुरू होत नाही, त्यामुळे या चार महिन्यांची किंमत आहेच, पण ती वर्षभराइतकी नाही.

साठ गुणांचा हिशेब

ग्रुप गेला, पण एखाद्या पेपरात ६० किंवा अधिक गुण असले, तर त्या पेपरातून पुढच्या तीन परीक्षांपुरती सूट मिळते. मुलांच्या भाषेत ‘एक्झम्प्शन’. ते गुण पुढच्या बेरजेत धरले जातात. अकाउंट्समध्ये ६२ असतील, तर उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८८ पुरतात. पूर्वी परीक्षा वर्षातून दोनदा होत, तेव्हा तीन संधी म्हणजे दीड वर्ष होते. आता ते एकच वर्ष आहे.

इथे एक चूक फार महागात पडते. पहिला पेपर उत्तम गेला, दुसरा बिघडला आणि रागाच्या भरात तिसऱ्याला दांडी मारली. सूट मिळण्यासाठी ग्रुपमधील सर्व पेपरांना हजर राहणे आवश्यक असते. ग्रुप जाणार हे दिसत असले, तरी तिसऱ्या पेपराला जावे.

तीन तासांत काय होते?

तीन तास म्हणजे १८० मिनिटे, १०० गुण. एका गुणाला पावणेदोन मिनिटांपेक्षा जरासा जास्त वेळ. १४ गुणांच्या प्रश्नाला २५ मिनिटे. वाचताना सगळे येते आणि लिहिताना शेवटचा प्रश्न सुटतो, कारण तीन तास सलग लिहिण्याची सवयच नसते. दुप्पट वेगाने व्याख्याने ऐकून ती लागत नाही.

३० गुण बहुपर्यायी प्रश्नांचे असतात. इंटर आणि फायनलला चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा सोडू नये. फाउंडेशनच्या शेवटच्या दोन पेपरांत मात्र चुकीमागे पाव गुण जातो. तिथे अंदाजपंचे उत्तर देण्याआधी विचार करावा.

सरावासाठी वेगळा खर्च लागत नाही. सनदी लेखापालांची संस्था, म्हणजे आयसीएआय, अभ्याससाहित्य, रिव्हिजन टेस्ट पेपर, मॉक टेस्ट आणि मागील परीक्षांची सुचवलेली उत्तरे संकेतस्थळावर विनामूल्य देते. मोफत ऑनलाइन वर्गही चालवते. खासगी क्लास लावूच नये असे नाही. पण घड्याळ लावून किमान एक मॉक लिहून सुचवलेल्या उत्तराशी ताडून पाहिल्याशिवाय कुठल्याच विषयाची तयारी झाली असे धरू नये.

शेजारच्या ताईची जुनी पुस्तके

घरात बचत होते म्हणून जुनी पुस्तके घेतली जातात. जुन्या अभ्यासक्रमात इंटरला आठ पेपर होते, आता सहा आहेत. करविषयात तर हे फारच जपावे. १९६१ च्या कायद्याच्या जागी प्राप्तिकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. आपल्या परीक्षेला कोणता कायदा आणि कोणत्या दुरुस्त्या लागू, हे आयसीएआय जाहीर करते. ती सूचना आधी वाचावी, पुस्तक नंतर उघडावे.

मराठी माध्यमातून आलेल्यांचे काय?

उत्तरपत्रिका इंग्रजी किंवा हिंदीत लिहिता येते, मराठीत नाही. त्यामुळे समजून घेताना मराठी आणि लिहिताना इंग्रजी, अशी कसरत होते. कायद्याच्या पेपरात ती सर्वांत जाणवते. तिथे भाषेच्या सौंदर्याला गुण नसतात. आधी तरतूद, मग प्रश्नातील वस्तुस्थितीला ती कशी लागू होते, मग निष्कर्ष, अशी तीन छोट्या परिच्छेदांची सवय लावली की साधी वाक्ये पुरतात. रोज एक असे उत्तर हाताने लिहावे.

फायनलला हीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. आर्टिकलशिप आता दोन वर्षांची आहे आणि ती संपल्यावर सहा महिन्यांनी परीक्षा देता येते. म्हणजे नोकरीच्या धावपळीशिवाय अभ्यासाला सलग वेळ मिळतो. सहावा पेपर चार तासांचा आणि पुस्तक उघडून लिहायचा. तो सोपा समजून पिशवीभर पुस्तके नेणारे पाने उलटण्यातच वेळ घालवतात. स्वतः खुणा केलेल्या, कुठे काय आहे हे पाठ असलेल्या दोन-तीन पुस्तकांवर तो पेपर जास्त चांगला जातो.