नाव खोडले तरी माणूस उरतो

जुन्या पेढीवरचा मुनीम एका ग्राहकाचे खाते दुसऱ्यासमोर उघडीत नसे. आज तेच खाते संगणकात असते आणि ‘नावे काढून टाकली आहेत’ एवढ्या आश्वासनावर या हातातून त्या हातात जाते. या आश्वासनाची परीक्षा अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ईव्ह-अलेक्झांडर द माँझ्वा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. त्यांचे निष्कर्ष जानेवारी 2015 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्यांच्यापुढे 11 लाख लोकांचे तीन महिन्यांचे क्रेडिट कार्डांचे व्यवहार होते. दुकाने सुमारे 10 हजार. नाव नाही, पत्ता नाही, खाते क्रमांक नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या दुकानात, किती रक्कम, एवढेच. तरीही एखाद्याच्या केवळ चार खरेद्यांचे दिवस व दुकाने ठाऊक असली, तर 90 टक्के लोकांची संपूर्ण नोंद इतरांतून वेगळी काढता येत होती.

यात जादू काही नाही. सोमवारी एका मिठाईच्या दुकानात शेकडो लोक जातात. त्यांतील मंगळवारी ठरावीक औषधालयात गेलेले मोजकेच, आणि त्यानंतरच्या दोन ठिकाणीही गेलेला बहुधा एकच. शेजाऱ्याला एवढे सहज माहीत असते. रकमेचा अंदाज असला, तर ओळखले जाण्याचा धोका सरासरी 22 टक्क्यांनी वाढतो. पुरुषांपेक्षा स्त्रिया आणि अल्प उत्पन्नवाल्यांपेक्षा संपन्न लोक अधिक सहज ओळखू आले, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. एकदा नोंद सापडली की त्या माणसाची तीन महिन्यांची उरलेली सारी खरेदी उघडी पडते. त्यात दवाखानाही आला.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील कूटलेखक्रिया म्हणजे खोटे दस्तऐवज करणे आणि न्यासापहार म्हणजे ठेव बुडविणे. हे दोन व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाहीत. साकारमंत्रभेद मात्र सहसा मागे राहतो. बाह्य खुणांवरून दुसऱ्याच्या मनातले गुपित ताडून ते प्रकट करणे, असा त्याचा आशय. चेहऱ्याच्या जागी बिल ठेवले, की संगणकाच्या या करामतीला याहून नेमके नाव शोधूनही सापडणार नाही.

भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, ज्या कारणासाठी माहिती घेतली ते संपल्यावर ती पुसून टाकण्याची तरतूद आहे. अन्य कायद्याने ठेवाव्या लागणाऱ्या नोंदी तेवढ्या वगळून. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेणारे घर तिजोरीतील सोने व गोदामातील माल मोजते. ग्राहकांच्या मोबाइल क्रमांकांची यादी त्या मोजणीत येत नाही. कराच्या हिशेबाची बिले जपावीच लागतात. पण पाच वर्षांपूर्वी एकदाच वाढदिवसाची सवलत घेऊन गेलेल्या ग्राहकाची जन्मतारीख अजून संगणकात का आहे, हे पेढीवर विचारले तर सगळे एकमेकांकडे पाहतात.