काळ्या मातीवरची पालिओ

परभणी सोडून गंगाखेडच्या वाटेला लागलं की पोखर्णीपर्यंत दोन्ही बाजूंना काळंभोर रान. या मातीचा स्वभाव इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं डांबर कितीही नवं असो, खालची माती हलली की रस्त्याला लाटा येतात. खड्डा लांबून दिसतो, लाट दिसत नाही. जुन्या गाडीचं सस्पेन्शन किती उरलंय, हे मला खड्ड्यापेक्षा या लाटांनीच जास्त खरं सांगितलं आहे.

माझी गाडी फियाट पालिओ, पेट्रोलची, १.६. पालिओ भारतात २००१ साली आली आणि सुरुवातीला मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरची फियाट आणि पद्मिनी ज्या कुर्ल्यात घडल्या, तेच कुर्ला. भारतात आलेलं गाडीचं रूप इटालियन डिझायनर ज्योर्जेत्तो ज्युजारोनं नव्यानं घडवलेलं. जाहिरातीत सचिन तेंडुलकर, आणि त्याच्या नावाची एस-टेन ही खास आवृत्तीही निघाली होती. पण ज्यांनी १.६ चालवली, त्यांना आठवतं ते इंजिन: १,५९६ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, सुमारे १०० अश्वशक्ती. घरोघरच्या मारुती ८०० ची ताकद तेव्हा चाळीसच्या आसपास होती, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या छोट्या गाडीत एवढं इंजिन काय चीज होती ते कळेल. त्यापेक्षाही मोठा गुण म्हणजे तिचं रस्त्याला धरून बसणं. जड दार, जड स्टिअरिंग, आणि वळणावर न डगमगणारं अंग.

वीस वर्षांनंतर नेमका हाच गुण गेला. इंजिन ठणठणीत, पण ऐंशीच्या वेगात एखादी लाट आली की पुढचा भाग दोन-तीनदा झुलायचा आणि मग सावरायचा. ब्रेक मारला की स्टिअरिंग डावीकडे ओढायचं. गतिरोधकावर खालून कटकट. डावं टायर आतल्या कडेनं खाल्लं जात होतं. गाडी फार चालली नव्हती, म्हणून मला वाटायचं, एवढ्यात काय झिजणार?

इथेच बहुतेकांची चूक होते. सस्पेन्शनमधलं लोखंड किलोमीटरनं झिजतं, रबर मात्र वर्षांनी मरतं. परभणीचा मे महिना, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन, पत्र्याखाली उभी गाडी. रबर कडक होतं, त्याला बारीक चिरा जातात आणि एक दिवस ते धातूपासून सुटतं. बैलगाडीच्या लाकडी चाकाचंही असंच होतं. उन्हाळ्यात लाकूड आटलं की लोखंडी धाव ढिली पडायची, म्हणून चाक पाण्यात भिजवून ठेवत. रबराला असा उतारा नाही, ते बदलावंच लागतं.

पालिओच्या पुढच्या चाकाला मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना १९५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांतून पुढे आली, आणि आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्या तिच्यावरच चालतात. स्प्रिंग आणि शॉकअब्जॉर्बर एकाच उभ्या खांबात, खाली एक लोअर आर्म. सुटे भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. पण भाग कमी म्हणून प्रत्येकावर भार जास्त. आर्मचे दोन रबरी बुश, टोकाचा बॉल जॉइंट, वरचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग, स्टॅबिलायझरची लिंक: यातलं एक ढिलं पडलं की बाकीचे त्याचा भार उचलता उचलता खराब होतात.

शॉकअपचं, म्हणजे शॉकअब्जॉर्बरचं, काम धक्का सोसणं असं आपण म्हणतो, पण धक्का सोसते स्प्रिंग. शॉकअपचं काम ती स्प्रिंग शांत करणं. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि हालचालीची उष्णता होते. गाडीचं अंग सेकंदाला एखाद-दोनदा झुलतं, चाक मात्र सेकंदाला दहा-बारा वेळा थरथरू शकतं. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. शॉकअप मेलेला असेल तर तेवढ्या अंतरात चाक रस्त्यावर दहा-बारा ठिकाणी हलकं पडतं, आणि ब्रेक नेमका त्याच क्षणी लागला तर टायर धरणार कशाला? म्हणून हा खर्च मी हौशीचा मानत नाही.

काम सुरू केलं तेव्हा अनेकांनी सल्ला दिला: स्प्रिंगा आखूड बसव, बुश पॉलियुरेथेनचे टाक, गाडी रेसची होईल. पहिला सल्ला मी ऐकला नाही. आखूड स्प्रिंग म्हणजे चाकाला वर-खाली व्हायला कमी वाव, आणि आपल्या गावागावांतल्या गतिरोधकांवर तो वाव संपला की धक्का थेट बॉडीला. दुसरा अर्धा ऐकला. पॉलियुरेथेन रबराहून बरंच कडक असतं, टिकतं जास्त, गाडी नेमकी वळते. पण ते रस्त्याचा प्रत्येक खडा आत पोचवतं, आणि सिलिकॉन ग्रीस नीट नसेल तर करकरतं. स्टॅबिलायझरच्या बुशला ते चाललं. लोअर आर्मला मी रबरच ठेवलं. या रस्त्यावर आर्मला थोडं लवचीक असू देणं मला शहाणपणाचं वाटतं.

शॉकअप जोडीनंच बदलले. एक नवा, एक जुना ठेवला की गाडी दोन मनांची होते. यातलं बरंचसं सामान महाराष्ट्रात बनतं, याचा मला अभिमान आहे. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून शॉकअब्जॉर्बर बनवते, आणि मोटरसायकलींची सस्पेन्शन बनवणारी एन्ड्युरन्स ही कंपनी तर आपल्या मराठवाड्यातली, वाळूजची.

आणि तरीही पहिल्यांदा काम फसलं. एका गॅरेजात गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असतानाच आर्मचे बोल्ट कसले गेले. रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेला असतो. तो फिरत नाही, पिळतो. लोंबत्या अवस्थेत कसला की गाडी जमिनीवर टेकताच त्याला कायमचा पीळ बसतो. काही महिन्यांत नवे बुश फाटले. दुसऱ्यांदा शेजारी बसून काम करून घेतलं. बोल्ट आधी सैल ठेवले, गाडी स्वतःच्या वजनावर उभी केली, दोन-चारदा दाबून हलवली आणि मगच कसले. त्यानंतर अलाइनमेंट, कारण आर्म हलला की चाकाचा कोन बदलतोच. स्प्रिंग मात्र कधीही योग्य कॉम्प्रेसरशिवाय उघडू देऊ नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव घेऊ शकते.

परवा पुन्हा पोखर्णीला गेलो. त्याच लाटेवर पुढचा भाग एकदा दबला, एकदा उठला आणि तिथेच थांबला. शेजारी बसलेल्या आईनं काहीच म्हटलं नाही, बोलणं चालू ठेवलं.

भारतात पालिओ बनणं थांबून दशकाहून अधिक काळ लोटला. ज्यांच्या दारात अशी एखादी गाडी धूळ खात असेल, त्यांनी ती भंगारात देण्याआधी जॅकवर चढवावी. चाक वर-खाली धरून हलवून बघावं, मग डावी-उजवीकडे. जिथे हाताला ढिलेपणा लागेल, तिथून सुरुवात करावी. आणि बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच कसायला सांगावेत.