नकलेची रुजुवात

दौंड-मनमाड लोहमार्गावर जिथून शिर्डीचा फाटा फुटतो त्या पुणतांब्याची ख्याती बाहेरच्या जगात मुख्यतः दोन कारणांनी आहे: गोदाकाठची चांगदेवांची समाधी, आणि १ जून २०१७ रोजी येथून सुरू होऊन पाहता पाहता राज्यभर पसरलेला शेतकऱ्यांचा संप. मला मात्र या गावी नेले ते याहून पुष्कळच गद्य अशा कुतूहलाने. येथील एका पतसंस्थेने आपल्या संगणकीय दप्तराची नक्कल नुसती घेऊन न थांबता, मूळ यंत्र निकामी झाले आहे असे गृहीत धरून त्या नकलेवरून सगळा कारभार पुन्हा उभा करून पाहण्याचे ठरविले होते, आणि तो प्रयोग कोपऱ्यात बसून पाहण्याची मुभा व्यवस्थापकांनी मला दिली होती, ती एवढ्याच अटीवर की संस्थेचे नाव कोठे येऊ नये.

तिजोरीच्या खोलीला लागून असलेल्या, एकच खिडकी आणि तीही कायमची बंद, अशा एका लहानशा दालनात संस्थेचे दोन सर्व्हर ठेवलेले आहेत; वर एसीची अखंड घरघर, खाली ओळीने मांडलेल्या यूपीएसच्या बॅटऱ्या, आणि भिंतीवर गणपतीची तसबीर. ठेवी, सोनेतारण, पिग्मीचे रोजचे भरणे, कर्जाचे हप्ते, शेअर्सचे रजिस्टर, म्हणजे पूर्वी जे सारे किर्द-खतावणीच्या जाडजूड वह्यांतून नांदत होते, ते आता यांपैकी एका यंत्रातील एकाच डेटाबेसमध्ये सामावलेले आहे. त्या वह्या स्वहस्ते लिहिलेले आणि निवृत्तीनंतरही सल्ल्यासाठी ठेवून घेतलेले एक वृद्ध लेखनिक, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्या संध्याकाळी हजर होते. श्रीरामपूरहून आलेला तरुण इंजिनियर यंत्राशी काय करतो यापेक्षा शेवटी आपल्या हाती कोणता कागद पडतो, इकडेच त्यांचे सारे लक्ष लागलेले होते.

नक्कल घेण्याची येथील व्यवस्था सांगायला सोपी आहे. दर रविवारी संपूर्ण डेटाबेसची पूर्ण नक्कल. रोज रात्री दिवसअखेर झाल्यावर, रविवारनंतर जेवढे बदलले तेवढ्याचीच फरकाची नक्कल. आणि काउंटर चालू असताना दर पंधरा मिनिटांनी व्यवहारांच्या क्रमवार नोंदींची, म्हणजे लॉगची, नक्कल. हे पंधरा मिनिटांचे अंतर कोणी ठरविले असे विचारता व्यवस्थापक म्हणाले, "संचालक मंडळानं. या इंजिनियरनं मंडळाला दोनच गोष्टी विचारल्या. किती मिनिटांचे व्यवहार पुन्हा हातानं भरायची तयारी आहे, आणि काउंटर किती वेळ बंद ठेवलेलं चालेल?" हे प्रश्न वरवर तांत्रिक वाटले तरी त्यांचे उत्तर इंजिनियरने द्यावयाचे नसते, कारण ते गावाच्या स्वभावावर अवलंबून असते. पाव तासातले भरणे पावत्यांच्या स्थळप्रतींवरून पुन्हा नोंदविता येतात, सबंध दिवसाचे नोंदविताना चुका अटळ असतात. आणि पतसंस्थेतील ठेवींना बँकेतील ठेवींप्रमाणे ठेव विम्याचे संरक्षण नसल्यामुळे, आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारभर काउंटर बंद राहिले तर बातमी गावात कोणत्या रूपाने फिरेल हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून मंडळाने नुकसानीची मर्यादा पंधरा मिनिटे आणि खोळंब्याची मर्यादा दोन तास अशी ठरवून दिली होती.

नकला तीन ठिकाणी असतात: एक शेजारच्या दुसऱ्या सर्व्हरवर, एक विलग करता येणाऱ्या डिस्कवर, जी संस्थेच्या इमारतीत रात्री कधीच मुक्कामाला नसते, आणि एक भाड्याने घेतलेल्या दूरच्या डेटा सेंटरमध्ये. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून मोठा विसर्ग सुटला की गोदेची पातळी येथे चढते, हे ज्या गावाला ठाऊक आहे त्याला सगळ्या नकला एका छताखाली का नसाव्यात हे समजावून सांगावे लागत नाही. समजावून सांगावे लागते ते निराळेच. एका डिस्कवर लिहिलेले त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवर उमटावे अशी जोड-डिस्कांची योजना पुष्कळ संस्थांत असते आणि तिलाच बॅकअप समजून निर्धास्त राहण्याची प्रवृत्तीही असते. परंतु कारकुनाने चुकून पुसलेले खाते किंवा एखाद्या घातक प्रोग्रामने कुलूपबंद केलेली फाईल ही जोडीच्या डिस्कवरही तितक्याच तत्परतेने उमटते. यंत्र बिघडले तर ही योजना उपयोगी पडते. माणूस चुकला किंवा चोर शिरला तर नाही.

याहूनही वाईट प्रकार इंजिनियरने सांगितला. दुसऱ्या एका तालुक्यातील संस्थेत रोज रात्री 'नक्कल यशस्वी' असा संदेश येत असे, आणि तो पाहून संबंधित कारकून रजिस्टरात सही करीत असे. प्रसंग आला तेव्हा डिस्क उघडून पाहिली, तो कित्येक महिन्यांच्या फायली नावापुरत्या, आत अक्षर नाही. चांगदेवांच्या गावात बसून हे ऐकताना त्यांनी ज्ञानदेवांना धाडलेल्या कोऱ्या पत्राची आठवण होणारच. पण त्या कोऱ्या कागदाला निदान पासष्ट ओव्यांचे उत्तर आले होते.

पिग्मी एजंटांचा भरणा आला, दिवसअखेर झाली, तेरजेचा, म्हणजे सर्व खातेशीर्षांच्या बाकींच्या गोषवाऱ्याचा, कागद छापून नानांच्या हाती देण्यात आला, आणि मग मूळ सर्व्हरची नेटवर्कची वायर काढून टाकण्यात आली. मूळ यंत्राची डिस्क वाचता येत असेल तर शेवटच्या नकलेनंतरच्या नोंदींचे शेपूट आधी सोडवून घ्यावयाचे असते. त्या रात्री मात्र ते हाती लागलेच नाही असे धरावयाचे ठरले होते, कारण परीक्षा कठीण घ्यावयाची होती. विलग डिस्कवरून पूर्ण नक्कल दुसऱ्या यंत्रावर उतरू लागली. हे काम जितके महत्त्वाचे तितकेच कंटाळवाणे: पडद्यावर टक्का एकेकाने वाढत जातो आणि कोणालाही काही करावयाचे उरत नाही. चहा झाला. ऊसदराचा विषय निघाला आणि तो निघाल्यावर अर्थातच लवकर आटपला नाही.

खरी नजाकत पुढे आहे. पूर्ण नक्कल उतरली तरी डेटाबेस लगेच वापरात आणावयाचा नसतो. त्याला अर्धवट, पुढील नोंदींच्या प्रतीक्षेत ठेवावयाचे असते. त्यावर फरकाची नक्कल चढते, आणि तिच्यावर त्या दिवसाचे लॉग, एकामागून एक, काटेकोर क्रमाने. मधला एक लॉग गहाळ असेल तर साखळी तिथेच तुटते आणि त्यापुढचे सगळे लॉग शाबूत असूनही निरुपयोगी ठरतात. उलट, कोणी उतावीळपणे शेवटच्या लॉगपूर्वीच डेटाबेस वापरासाठी खुला केला तर त्यानंतर एकही नोंद त्यावर चढत नाही, आणि पूर्ण नकलेपासून पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. अखेरचा लॉग चढवून झाल्यावर खुला करण्याची आज्ञा देण्यापूर्वी त्या तरुणाने लॉगची यादी बोट ठेवून पुन्हा एकदा वाचली, आणि हे मला त्याच्या साऱ्या ज्ञानापेक्षा अधिक भरवशाचे वाटले.

डेटाबेस खुला झाला. पण रोखपालाला आत प्रवेश मिळेना. सभासदांची खाती पैन् पै आली होती, मात्र त्या खात्यांना हात लावण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे त्याची सनद सर्व्हरच्या दुसऱ्याच भागात राहत होती, आणि तिची नक्कल घेण्याचे आजवर कोणाच्या ध्यानात आले नव्हते. मागोमाग दुसरी अडचण: सॉफ्टवेअरचा परवाना जुन्या यंत्राशी बांधलेला, त्यामुळे नव्या यंत्रावर तो चालण्यास साफ नकार. विक्रेत्याला फोन लागेपर्यंत दोन तासांची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

यावर कोणी हसू नये. २७ जून २०१७ रोजी, म्हणजे पुणतांब्याचा संप ज्या महिन्यात सुरू झाला त्याच महिन्याच्या अखेरीस, 'नॉटपेट्या' नावाच्या घातक प्रोग्रामने मर्स्क या अवाढव्य जहाज कंपनीचे जगभरातील संगणक झोपविले आणि आपल्याकडील न्हावा शेवा बंदरातील त्यांच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. सर्व्हरांच्या नकला कंपनीपाशी होत्या. नव्हती ती नेमकी कोणाला कोठे प्रवेश हे ठरविणाऱ्या यंत्रांची. अशी सुमारे दीडशे यंत्रे एकमेकांची प्रत ठेवीत असल्यामुळे वेगळी नक्कल अनावश्यक मानली गेली होती, आणि ती सगळी एकाच वेळी पुसली गेली. वाचले ते एकच, घानामधील कार्यालयातले, आणि तेही हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती म्हणून. आपण ज्या भारनियमनाला आयुष्यभर शिव्या घातल्या त्याने एवढे पुण्य कोठे तरी गाठीला बांधले, हेही नसे थोडके. त्या एका यंत्राच्या आधारे कंपनीने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. पतसंस्था आणि मर्स्क यांच्यात आकाराचे अंतर अफाट आहे. विस्मरण मात्र एकाच जातीचे.

दूरदृष्टी फळाला आल्याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. २१ मार्च २०२१ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकांवर खंडणीखोर प्रोग्रामचा हल्ला झाला आणि कचेऱ्यांचे काम थांबले. परंतु महामंडळाच्या निवेदनानुसार नकला नेटवर्कच्या निराळ्या भागात ठेवलेल्या असल्यामुळे त्यांना संसर्ग झाला नव्हता. जिथे मूळ दप्तराचा हात पोहोचतो तिथे चोराचाही पोहोचतो, हे तेथे कोणी तरी वेळीच ओळखले होते.

पुणतांब्यात परवाना मिळाला, रोखपालाचा प्रवेश हाताने घडविण्यात आला, आणि नव्या यंत्रावरून तेरीज छापली गेली. इंजिनियर उत्साहाने काही समजावू लागला तेव्हा नानांनी हात वर केला. "पोरा, ते राहू दे. आधी मला बाकी वाचून दाखव." मग एक जण वाचतो आहे आणि दुसरा जुन्या कागदावर खूण करतो आहे, अशा शंभर वर्षांपूर्वीच्या पद्धतीने प्रत्येक खातेशीर्षाची रुजुवात झाली. दिवसअखेर झाल्यावरचा शेवटचा लॉग नकलेत आलेला होता, त्यामुळे पैशाचाही फरक निघाला नाही. तरीही व्यवस्थापकांनी रजिस्टरात 'मुदतीत अपयशी' असाच शेरा लिहिला, सनदेची आणि परवान्याची त्रुटी खाली नमूद केली, आणि पुढच्या तिमाहीत हीच चाचणी पुन्हा घेण्याची तारीख टाकली. माझ्या मते त्या रात्रीचे सर्वांत मोलाचे काम तो शेरा लिहिण्याचे होते, कारण अशा वेळी 'यशस्वी' लिहिण्याचा मोह किती मोठा असतो हे ज्याने एकदा तरी सरकारी वा सहकारी रजिस्टर चाळले आहे तो जाणतो.

आपल्यापैकी बहुतेक जण कोठल्या ना कोठल्या सहकारी संस्थेचे सभासद असतातच, आणि कायद्याप्रमाणे तिची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी भरते. लाभांशाची चौकशी झाल्यावर सभासदांनी उभे राहून एवढे विचारावे: दप्तर नकलेवरून शेवटचे केव्हा उभे करून पाहिले, त्याला किती वेळ लागला, आणि तेरीज जुळली काय? आणि जे उत्तर मिळेल ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.